तांदळातली कमान

सुमनमावशी तांदळाच्या डब्यात चर्च बांधायच्या. हातातली सोन्याची बारीक बांगडी काढून ती तांदळात उभी खोचायच्या. अर्धी वर राहिली की म्हणायच्या, "ही रोमन कमान." मग बांगडी थोडी आणखी वर ओढायच्या, म्हणजे खालची टोकं आत वळलेली दिसायची. "आणि ही स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या मशिदीतली, घोड्याच्या नालासारखी. आता सांग, ही चर्चमध्ये कशी गेली?"

मागून त्यांची सून केतकी म्हणायची, "अहो आई, कुकर लावायचाय. चर्च काढा."

इकडे परदेशात, वेस्टमीडला, त्यांच्या घरामागच्या छोट्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये मी भाड्याने राहते आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिथे फारसं बोलावं लागत नाही, ते मला बरं वाटतं. मावशींनी पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात वर्षानुवर्षं इतिहास शिकवला होता. गप्प बसणारी मुलं त्यांना नवी नव्हती. "तू ऐक," म्हणायच्या. "बोलणारे घरात पुष्कळ आहेत."

त्या ज्या चर्चबद्दल बोलायच्या, ते उत्तर स्पेनमधल्या एका खेड्याबाहेर आहे. हजारेक वर्षांपूर्वी काही ख्रिस्ती साधू दक्षिणेतलं मुसलमानी राज्य सोडून तिकडे गेले, आणि तिथे त्यांनी कमानी बांधल्या त्या दक्षिणेतल्यासारख्या. मी एकदा विचारलं, "ज्यांना सोडून आले, त्यांच्याच कमानी का?"

"तू इथे आल्यावर चहात आलं घालायचं सोडलंस का? माणूस निघून येतो गं. हात तेच करत राहतो."

तशी कमान स्पेनमध्ये आधीही होती, हेही त्या सांगायच्या. "पण एवढी आत वळलेली नाही. ते मशिदीतून आलं. ज्याचं त्याला द्यावं."

हे सगळं त्यांनी जन्मभर फोटोंवरून शिकवलं. प्रत्यक्ष जाणं राहूनच गेलं; आधी काकांचं आजारपण आलं, मग नातीचा जन्म. यंदा मुलाने, निखिलने, स्वतःची आणि त्यांची स्पेनची तिकिटं काढली, आणि मावशींच्या स्कॅनमध्ये नको ते निघालं. तिकिटं रद्द झाली त्या दिवशी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चर्च कुठे पळून जातंय?" मग आम्ही दोघीच मेथी निवडत होतो तेव्हा, मान वर न करता म्हणाल्या, "जाणार मीच आहे."

नंतर लॅबने मला माद्रिदला कॉन्फरन्सला पाठवायचं ठरवलं. मावशींनी एवढंच विचारलं, "माझ्यासाठी एक दिवस काढशील?" त्याच आठवड्यात त्यांना हॉस्पिटलात दाखल करायचं होतं. तिथे दागिने नकोत, म्हणून निघताना त्यांनी बांगडी काढली आणि तांदळात खोचली. टोकं आत वळलेली दिसतील इतकीच. "राहू दे इथे. आल्यावर घेते."

चर्चची किल्ली गावातल्या एका बाईंकडे असते. बसमध्ये मी स्पॅनिशमधलं एकच वाक्य घोकत होते. अनोळखी दार वाजवणं मला आपल्या भाषेतही जमत नाही. बाईंनी वाक्य पुरतं ऐकूनही घेतलं नाही, किल्ली उचलली आणि चालू लागल्या.

आत शिरून मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे हॉस्पिटलात संध्याकाळ होती. निखिलने फोन मावशींसमोर धरला होता.

"मागे हो. अजून. खांबाचं डोकं दिसू दे." मी मागे सरकले. "आता हात लाव. गार आहे?"

"हो."

त्यांनी मान मागे उशीला टेकली. "आई, दमलीस का?" निखिलचा आवाज आला.

"थांब रे." त्या जवळ आल्यासारख्या दिसल्या. "फोटोत दिसायचं तसंच दिसतंय. आता फोन ठेव आणि तू बघ. आपल्यापैकी एकीने तरी."

मी फोन ठेवला. खिडकीतलं ऊन एका कमानीवरून दुसरीवर गेलं तरी मी तिथेच होते. किल्लीवाल्या बाई दाराशी बसून राहिल्या.

मी परत यायच्या आत मावशी गेल्या.

केतकीला भेटायला गेले तेव्हा ती खिचडीची तयारी करत होती. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. तिने डबा उघडला, वाटी एका कडेने घातली आणि जपून तांदूळ काढले. त्या कडेला तळ दिसायला लागला होता. दुसऱ्या बाजूला तांदळाचा ढीग तसाच होता, आणि त्यात बांगडी उभी होती.