चांद्रयानाच्या दोन बातम्या

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डब्लिनमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात एक बाई मुलांना मंगळयानाची माहिती सांगत होती. तिच्या हातात थर्माकोलचे यान होते. यान मंगळावर उतरले, असे ती म्हणाली. मी शेजारीच चहाचा कप घेऊन उभी होते. मुले पांगल्यावर मी तिला सांगितले की ते उतरलेले नाही, मंगळाभोवती फिरते आहे. उतरण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

"उतरलं नाही? मग मी ऑफिसात पेढे कशाचे वाटले?"

"कक्षेत गेल्याचे."

"बाप्पा. शाळेत शिकवतेस का गं तू?"

"पुण्यात पेपरात होते. डेस्कवर, बातम्या तपासायला, सात वर्षं."

"तरीच," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती मला पेपरवाली म्हणू लागली.

ती मूळची नागपूरची. सिटीवेस्टला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करायची. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सँट्रीला राहत होते. नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर आयर्लंडला आले होते आणि त्या परवान्यावर बायकोला राहता येत असे, काम करता येत नसे. पुण्यात रॉकेट उडायचे असले की मी डेस्कवरचा टीव्ही लावून उभी राहायचे आणि बाकीचे क्रिकेटचा चॅनेल मागायचे. इथे पहिल्यांदा असे माणूस भेटले, जे उड्डाणाची वेळ मला विचारत नव्हते, मला सांगत होते. वेड आम्हा दोघींचे एकच आहे, असे मी धरून चालले.

त्याच नोव्हेंबरमध्ये एक छोटे यान धूमकेतूवर उतरायचे होते. ती अर्धी रजा टाकून माझ्याकडे आली. दुपारी चारच्या सुमाराला पडद्यावर नियंत्रण कक्षातले लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. तिने लगेच मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहायला घेतले. मी म्हणाले, थोडी थांब. ती चिडली.

"ते लोक रडताहेत आनंदानं, आणि तू थांब म्हणतेस?"

"रडणं हा पुरावा नाही."

संध्याकाळी कळले की यानाला जमिनीशी जखडणारे भाले सुटलेच नव्हते. ते आपटून उसळले होते आणि भलतीकडेच जाऊन पडले होते. तिने टाइप केलेले पुसले. त्यानंतर आमची पद्धत ठरली. प्रत्येक मोहिमेची छोटी बातमी मी मराठीत लिहायची, ती वाचून तिने गटावर टाकायची. लिहिलेले दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाऊ नये, हा डेस्कचा नियम आहे. माझा डेस्क म्हणजे ती होती.

२०१५ च्या उन्हाळ्यात प्लूटोजवळून यान गेले, ते आम्ही असेच लिहिले. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये शनीभोवती तेरा वर्षे फिरलेले यान शनीतच शिरून संपणार होते. इथली दुपारची एकची वेळ होती. मी बस आणि मग लुआस ही ट्राम पकडून तिच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये गेले. फोनच्या पडद्यावर यानाकडून येणाऱ्या संदेशाची उभी रेघ बुटकी होत होत नाहीशी झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आले. शेजारच्या टेबलावरच्या एका आयरिश सहकाऱ्याने विचारले, सगळे ग्रँड, म्हणजे ठीक, आहे ना.

"काहून रडू येत नाही गं तुला?" तिने मला विचारले.

"वेळ लिहून घेतेय."

ती हसली आणि डोळे पुसून म्हणाली, "एक वेळ लिहिणारी आणि एक रडणारी. जोडी बरी आहे."

मलाही तसेच वाटत होते.

२०१९ च्या मार्चमध्ये नियम बदलला आणि माझ्यासारख्या बायकांना काम करण्याची मुभा मिळाली. मी अर्ज पाठवू लागले. उत्तर डब्लिनमधल्या एका फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाच्या संपादकाने बोलावले. तो सभ्य माणूस होता. जुनी कात्रणे चाळून म्हणाला की हे सगळे पाच वर्षांपूर्वीचे आहे. मधल्या काळातले, नावासह छापलेले काही असेल तर घेऊन ये, भाषा कोणतीही चालेल. माझ्याकडे व्हॉट्सॲपवरच्या बातम्या होत्या. छापलेली एक ओळ नव्हती.

मी हे मैत्रिणीला सांगितले. ती त्या वर्षी मंडळाची सांस्कृतिक सचिव होती. चांद्रयान-२ जुलैमध्ये उडाले होते आणि त्याचा लँडर सप्टेंबरच्या सुरुवातीला, ऐन गणपतीत, चंद्रावर उतरायचा होता. मंडळाने देखावाच चंद्राचा ठरवला.

"स्मरणिकेत पहिलं पान तुझं," ती म्हणाली. "नावासकट. ने त्या संपादकाला."

अडचण वेळेची होती. लँडर शुक्रवारी रात्री नऊ वाजून वीस मिनिटांच्या पुढे उतरणार होता आणि मंडळाचा कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. वर्तमानपत्रात अशा वेळी दोन बातम्या आधीच लिहून ठेवतात. निवडणुकीचा निकाल असो की अंतिम सामना, जिंकल्याची एक आणि हरल्याची एक. खात्री झाली की एक लागते, दुसरी फेकून देतात. मी तशाच दोन लिहिल्या. 'अ' प्रतीत लँडर उतरला होता, 'ब' प्रतीत उतरला नव्हता. दोन्हींत वेळेच्या जागी शून्ये ठेवली आणि वर एक ओळ लिहिली: खात्री झाल्याशिवाय छापू नये. ठरले असे की बाकीची स्मरणिका आधी छापायची आणि हे एक पान शनिवारी सकाळी वेगळे काढून आत सारायचे. प्रती रविवारी पाठवल्या. सोमवारी तिचा निरोप आला: मिळाल्या, मस्त.

शुक्रवारी ती सात वाजताच आमच्याकडे आली. मी पोहे केले होते, तिने ते फारसे खाल्ले नाहीत. लॅपटॉपवर लँडरच्या मार्गाची हिरवी रेघ खाली येत होती, बाजूला उंचीचा आणि वेगाचा आकडा उतरत होता. तिने माझा हात धरून ठेवला होता. चंद्रापासून दोन किलोमीटरच्या आसपास आकडा थांबला. नियंत्रण कक्षात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"सिग्नल येऊ शकतो नं अजून?" तिने विचारले.

"येऊ शकतो."

"उशिरा येतात की. त्या धूमकेतूच्या वेळी नव्हतं का?"

"तेव्हा उतरल्याचा सिग्नल आला होता. पुढचं कळायला उशीर झाला होता."

तिने हाच प्रश्न आणखी तीन वेळा विचारला. संपर्क तुटल्याचे जाहीर झाले तेव्हा ती उठून कपाटातले कप काढून उगाच पुन्हा लावू लागली. तिला लँडरचे दुःख झाले आहे, असे मला वाटले. मी 'ब' प्रतीत वेळा भरल्या आणि तिच्यासमोरच ती तिच्या फोनवर पाठवली. ती "हो" म्हणाली, गाडीची किल्ली उचलली आणि गेली.

शनिवारी नवरा आणि मी हॉलवर पोहोचलो तेव्हा आरती संपत आली होती. दाराशी टेबलावर गुळगुळीत कागदाच्या, रंगीत स्मरणिका रचलेल्या होत्या. आत सारलेले पान नव्हते. पहिले पान बांधणीतच होते. त्यावर माझे नाव होते आणि मथळा होता, 'चांद्रयान उतरले'. वरची सूचना काढून टाकलेली होती. ज्या जागी मी शून्ये ठेवली होती तिथे लिहिले होते: नऊ वाजून तेवीस मिनिटांनी.

मुलाकडे अकोल्याहून आलेले एक आजोबा तेच पान वाचत होते. त्यांनी चष्मा वर करून विचारले, "हे तुम्हीच लिवलं का ताई?"

"हो."

"आमच्या टीव्हीवर तं संपर्क तुटला म्हणत व्हते. तुम्हाला इकडून जवळ दिसलं असन."

आजूबाजूचे हसले. आजोबांच्या सुनेने त्यांना गप्प केले, पण तीही हसत होती.

मैत्रीण पार्किंगमध्ये होती, गाडीच्या डिकीतून प्रसादाचे डबे काढत होती. डब्यांच्या मागे स्मरणिकांचे आणखी दोन गठ्ठे होते.

"कधी छापलं?" मी विचारले.

"अगं, जाहिरातदारांना चांगला कागद पाहिजे होता. प्रेसवाला म्हणाला, बुधवारनंतर घेणार नाही. सुटं पान बरं दिसत नव्हतं."

"बुधवारी."

"सगळं जग म्हणत होतं उतरणार म्हणून. तुझ्यासाठीच केलं नं मी. साध्या झेरॉक्सवर काय इम्प्रेशन पडलं असतं त्या संपादकावर?"

"वेळ कोणी भरली?"

ती डबे मोजू लागली. मग म्हणाली, "शून्यं ठेवून छापायचं का?"

गुरुवारी लँडरच्या सिग्नल यंत्रणेच्या चाचण्यांबद्दल आम्ही अर्धा तास फोनवर बोललो होतो. शुक्रवारी ती माझा हात धरून बसली होती. हे गठ्ठे तेव्हा खाली रस्त्यावर, याच डिकीत होते.

"काल तरी सांगायचंस."

"तू स्मरणिका वाटू दिल्या असत्यास का?"

"नाही."

"मग?"

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले. लोक विचारत आहेत, असे म्हणाले. असले पान छापून कसे काय गेले, असे त्यांनी तिला विचारले. मी दोन पावलांवर होते.

"त्यांनीच तसं लिहून दिलं होतं, सर," ती म्हणाली.

पाच वर्षांत तिने मला पहिल्यांदा 'त्या' म्हटले. वाक्य खरे होते. मीच तसे लिहून दिले होते. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी दोन प्रतींची पद्धत त्यांना समजावून सांगू लागले तेव्हा माझ्या लक्षात आले की ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. ते मान हलवत राहिले. होतं असं, ताई, मनाला लावून घेऊ नका, असे म्हणून डबे घेऊन आत गेले.

रविवारी गटावर मंडळाचा खुलासा आला. 'स्मरणिकेतील मजकूर लेखिकेकडून आला तसा छापण्यात आला आहे.' खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग होती. खुलासा टाकणारा नंबर तिचा होता.

मंगळवारी मी संपादकाकडे गेले. त्याने स्मरणिका हातात घेतली, कागद चांगला असल्याचे म्हणाला, माझे नाव कुठे आहे ते विचारले. मी बोट ठेवले. त्याला देवनागरीचे एक अक्षर येत नव्हते.

"यात काय लिहिलंय?"

"भारताचं यान चंद्रावर उतरलं, असं."

"उतरलं का?"

"नाही."

मी त्याला दोन प्रतींचे सांगितले. त्याला ती पद्धत माहीत होती; त्यांच्याकडेही तसेच करतात. 'ब' प्रत मी बरोबर नेली होती, ती दाखवली. त्याने ती छापलेली नाही याची खात्री करून घेतली आणि परत दिली. म्हणाला, तुझे म्हणणे मला पटते. पण मी वाचू शकत नाही अशा भाषेतले एकच छापील पान आहे आणि ते चूक आहे. मी त्यावर काय ठरवू? नवीन काही छापून आले की जरूर ये, असे म्हणून तो दारापर्यंत सोडायला आला.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. शनिवारनंतरचा पहिला.

"मिळालं का काम?"

"नाही."

"का?"

मी जे झाले ते सांगितले. तिच्या आवाजात खरेच आश्चर्य होते.

"त्याला मराठी कुठं येते गं? मग सांगितलंस कशाला?"

मी उत्तर देण्याचा प्रयत्न केला. पाच वर्षे आम्ही एकाच पडद्याकडे पाहत होतो आणि दर वेळी मी थांब म्हटले की ती थांबत होती. ती माझ्यासाठी थांबत होती. कशासाठी थांबायचे, हे तिला कधी पटलेलेच नव्हते, आणि मी कधी विचारले नव्हते. फोनवर एवढे बोलता आले नाही. मी म्हणाले, नंतर बोलू.

डिसेंबरमध्ये लँडरचे तुकडे सापडल्याची बातमी आली. चंद्राभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाच्या छायाचित्रांत ते विखुरलेले दिसत होते, आणि पहिला तुकडा चेन्नईतल्या एका तरुण इंजिनिअरने घरबसल्या फोटो ताडून शोधला होता. मी ती दोन ठिकाणी ताडून पाहिली. दोन्हीकडे तेच होते. मग मी ती मराठीत लिहिली, एकच प्रत, आणि वाचायला नवऱ्याकडे दिली. त्याने जेवता जेवता वाचली, चांगली आहे म्हणाला, आणि ही आता कुणाला पाठवायची, असे विचारले.