आदेश नसताना

इस्माईलभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आंबीच्या आमच्या कारखान्यात नव्या कामगारांना आग विझवायचं प्रात्यक्षिक दाखवत होतो. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटलेलं, हातात लाल सिलिंडर, पिन ओढलेली. फोन टाकव्याहून, त्यांच्या पुतण्याचा होता. “काका गेले. छातीचंच दुखणं... दुपारी माती हाय.” मी बरं म्हणालो आणि ट्रे विझवला. मग नेहमीप्रमाणे कुणी तरी विचारलंच, “सर, घरात कुत्रं-मांजर अडकलं तर तुम्ही आत जाता का?” या प्रश्नाचं माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं आहे : आधी अडकलेली माणसं, मग आमची माणसं, जनावर शेवटी. त्या दिवशीही तेच दिलं. त्याला आता पाच आठवडे झाले, आणि मी अजून त्या उत्तराशी भांडतो आहे.

इस्माईल मुलाणी, टाकवे बुद्रुकचे. कारखान्याच्या अग्निशमन दलात मी त्यांचा प्रमुख, वयाने पंधरा वर्षांनी लहान. ते मला साहेब म्हणायचे, पण असं की, त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळलं नाही. आजूबाजूच्या गावांत आग लागली की, आमचाच बंब मदतीला जायचा. एकदा एका वस्तीवर गोठा पेटला. आम्ही पोचायच्या आधी लोकांनी म्हशीचं दावं कापून तिला बाहेर हाकललं होतं आणि सगळे पाण्याच्या मागे लागले होते. म्हैस वळली आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा जळत्या गोठ्यात शिरली. इस्माईलभाऊ त्या घरच्या आबांवर असे काही खेकसले की, मलाच लाज वाटली. “नुसतं सोडून भागतंय व्हय? लांब नेऊन बांधाया लागतं! घर म्हंजी घर आसतं, आबा, पेटलं तरी.” जनावरासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असंच तेव्हा मला वाटत होतं.

वलवणचा कॉल आला तो भर दुपारी. धरणाच्या बाजूचा एक बंगला, खालचा मजला पेटलेला. घरची सगळी माणसं अंगणात. मी मोजून घेतली, पाच. पाहुणे येणार म्हणून शेरू नावाचं कुत्रं मागच्या न्हाणीघरात कोंडलं होतं, तेवढंच आत. घरातली मुलगी माझ्या हाताला लोंबकळून ओरडत होती आणि भिंतीआडून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं. मी सांगितलं, कुणीही आत जायचं नाही, बाहेरून पाणी मारा.

“साहेब, मागच्या बाजूला अजून जाळ न्हाई,” इस्माईलभाऊ म्हणाले. “दोघं जातो, दार उघडतो, येतो.”

“कुत्र्यासाठी मी माणूस घालणार नाही.”

“आपुन न्हाई गेलो तर ह्यांच्यातलं कुनी तरी जाईल. मग काय करशीला?”

जाईल कसा, मी बघतोय ना, असं मी म्हणालो. खरं तर मी बघत नव्हतो, वाद घालत होतो. तेवढ्यात मुलीचे आजोबा स्वयंपाकघराच्या दाराने आत गेले होते. पुन्हा मोजली तर माणसं चारच!

आमच्याकडे हवेच्या टाकीचे दोन सेट होते. पाठीवर टाकी, तोंडावर मास्क. इस्माईलभाऊंनी एक चढवला आणि ते माझ्या तोंडाकडेही न बघता आत गेले. धुरात एकट्याने जायचं नाही, जोडीनेच जायचं, हे मीच सगळ्यांना शिकवतो. दुसरा सेट माझ्या पायाशी होता. मी वॉकीटॉकी हातात धरून उभा राहिलो. मला भीती वाटली. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

आधी कुत्रं बाहेर आलं, आपल्या पायांनी. दार उघडायचाच अवकाश होता. बऱ्याच वेळाने इस्माईलभाऊ आले, आजोबांना खांद्यावर घेऊन. मास्क आजोबांच्या तोंडावर होता. ते स्वतः अंगणात गुडघ्यांवर बसले आणि काळं काळं खोकत राहिले.

अहवाल मी लिहिला. ‘आदेश नसताना आत प्रवेश केला. बाहेर येताना तोंडावर मास्क नव्हता.’ दोन्ही वाक्यं खरी, म्हणूनच इतकी हलकट. मास्क कुणाला दिला ते मी लिहिलं नाही, दुसरा सेट कुठे होता तेही नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, खाली सही केली आणि मला म्हणाले, “समदं बरुबर हाय. कुत्र्याचं नाव तेवढं ऱ्हायलं.” मी हसलो. ते हसले नाहीत.

वर्षभराने ते निवृत्त झाले. मग दम लागू लागला, मग जिना चढवेना. डॉक्टरांनी विड्यांवर बोट ठेवलं, आणि त्या ते ओढायचेच. त्या एका दुपारच्या धुराने किती केलं आणि विडीने किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण अहवालात चूक त्यांचीच ठरली होती, त्यामुळे कुणी तसं विचारलंही नाही. आणि नियमाचं म्हणाल तर गेल्या वर्षी एका घरात दोन मांजरांसाठी मी माणसं आत सोडली नाहीत आणि पाचच मिनिटांत छत खाली आलं. म्हणजे मी बरोबर होतो? तिथे होतो. वलवणला नव्हतो... दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि याने माझी झोप उडाली आहे.

मागच्या रविवारी टाकव्याला गेलो. इस्माईलभाऊंच्या पत्नी, शकीलाभाभी, परसात होत्या. बसा म्हणाल्या, चहा ठेवते म्हणाल्या, आणि चुलीकडे न जाता शेजारच्या छपरात शिरल्या. तिथे तीन शेळ्या होत्या. त्यांनी एकेक शेळी सोडून पार कुंपणापर्यंत नेली, तिथल्या खुंट्यांना बांधली, परत आल्या आणि मग चुलीला काडी लावली. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“त्येंनी लावलेली सवय. शेळ्या लांब बांधल्याबिगर काडी वढू द्यायचे न्हाईत. एका चहासाठी! मी लय भांडायची. आता भांडाया कुनी न्हाई, तरी नेतीच.”

मी त्यांना सगळं सांगितलं. पायाशी पडलेला सेटही. त्या जाळ सारत ऐकत राहिल्या.

“मला ठावं हाय. त्येंनी घरी आल्याआल्याच सांगितलेलं.”

“मग मला कधी काही बोलले का नाहीत ते?”

“म्हनायचे, त्यो भ्याला, सांगंल आपनहून. लय दिस वाट बघितली त्येंनी तुमची.” त्यांनी कपबशी माझ्यापुढे ठेवली. “घ्या, निवंल.”

मी चहा घेतला, चुलीतला जाळ पुरता विझेपर्यंत थांबलो. मग उठलो, कुंपणाशी गेलो आणि एकेक करून तिन्ही शेळ्या छपरात परत आणून बांधल्या. भाभींनी मला थांबवलं नाही.