दोन कार्बोरेटर

थोरल्या भावाच्या जुन्या स्पोर्ट्स कारला दोन कार्बोरेटर आहेत. दोन्ही सारखी हवा ओढतात का, हे दादा रबरी नळी कानाला लावून ऐकतात आणि त्याप्रमाणे स्क्रू फिरवतात. हल्ली मात्र त्यांना कमी ऐकू येतं.

मागच्या रविवारी पिंपळीहून इंदापूरला बहिणीकडे निघताना त्यांनी गाडी सुरू करून स्क्रू फिरवले आणि नळी माझ्याकडे दिली. “बघ, झालं का सारखं?”

मागचा कार्बोरेटर चांगलाच जोरात फुसफुसत होता. पण त्यांचा खुललेला चेहरा बघून मी म्हणालो, “एकदम सारखं.”

वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी हळू करताच इंजिन फडफडून बंद पडलं. दादा भर उन्हात प्लग काढून पुसत बसले. शेवटी मला राहवेना. खरं काय ते सांगितलं, तेही दोनदा, ओरडून.

“मी बहिरा झालोय, ल्हान पोर न्हाय झालो,” ते म्हणाले.

मग मी नळी कानाला लावून हातानं खुणा करत गेलो आणि त्यांनी स्क्रू फिरवले. गाडी सुरू झाली.

बहिणीनं उशिराचं कारण विचारलं, तेव्हा दादाच म्हणाले, “पेट्रोलमधी कचरा आला हुता.”

मी मान खाली घालून जेवत राहिलो.