चंद्रकळेचं वाण

माझ्या थोरल्या काकूला कुणी नव्या कापडाची गोधडी आणून दाखवली, तर ती तोंडावर काही बोलत नसे. दोन बोटांत कापड धरून जरा चुरगळायची आणि "छान आहे हो" म्हणायची. पाहुणी जिना उतरली की मग तोंडाचा पट्टा सुरू. "कोरं कापड! पांघरलं की पत्रा अंगावर घेतल्यासारखं वाटेल मेलं. पहिल्या धुण्यात आटेल, मग बसा सुरकुत्या काढत!"

पुढे मी शिवण शिकले, पुष्कळ मुलींना शिकवलं, पण काकूइतकं कापड कळणारं माणूस मला भेटलं नाही. हे मी भाबडेपणानं म्हणत नाही, कुणाशीही भांडायची तयारी ठेवून म्हणते.

आम्ही तेव्हा कल्याणला चाळीत राहत होतो. दोन खोल्यांत आईबाबा, आम्ही भावंडं आणि काका-काकू. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे काकूचा जीव माझ्यावर. मी तिची शेपूट. ती कापड फाडायला बसली की दुसरं टोक धरायला मी.

दिवाळी झाली की माळ्यावरचं बोचकं खाली यायचं. आधी वाकळ. सहा-सात थरांची, जड, पौषातल्या थंडीसाठी. तिच्या पोटात काकांच्या जुन्या कोटाचं अस्तर, बाबांच्या विजारी, काहीही चालायचं. पण अंगाला लागायचं ते जुनेरच हवं, वापरून वापरून विरलेलं लुगडंच. वाकळ झाली की उन्हाळ्याची चौघडी, धोतराच्या घड्यांची. चैत्र लागला की बाळांची दुपटी. चाळीत कोण बाळंत होणार हे काकूला आधी कळायचं, आणि त्या पोरासाठी ती बोचक्यातलं सगळ्यात मऊ जुनेर बाजूला काढायची. मऊ आहे की नाही ते हातानं नाही बघायची, गालाला लावून बघायची. हात खोटं सांगतात म्हणे, भांडी घासून निबर झालेले असतात. रंग जाणारं लाल कापड ओलं करून पांढऱ्या चिंधीवर दाबायची. डाग उठला की त्याची रवानगी वाकळीच्या पोटात. आणि पावसाळ्यात सुई बंद. पावसात शिवलेल्या गोधडीचा कुबट वास जन्मात जात नाही, असं तिचं ठाम मत. तेव्हा फक्त कापडं फाडायची, निवडायची, दंड घालून तुकडे जोडून ठेवायचे.

त्या काळात कापड रेशनवर मिळे. लुगडं विरेपर्यंत नेसत, मग दंड घालून पुन्हा नेसत. त्यामुळे जुनेरसुद्धा चैनीची वस्तू होती. बोहारणीला लुगडं देऊन पातेलं घेणाऱ्या बाया काकूच्या नजरेतून कायमच्या उतरायच्या.

बोचक्याच्या तळाशी एक चंद्रकळा होती. काळीभोर, बारीक चांदण्यांची, लाल काठाची. काकूच्या पहिल्या संक्रांतीला तिच्या सासूनं घेतलेली. दर संक्रांतीला नेसून नेसून आता घडीवर फाटायला लागली होती. "ही तुझ्या लग्नाच्या गोधडीत, बरोब्बर मधोमध," असं काकूनं मला सांगून ठेवलं होतं. मी दहा वर्षांची. लग्नाशी मला काही देणंघेणं नव्हतं, पण चंद्रकळा माझी, हे मी शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकलं होतं.

फाळणीनंतर शहाडच्या पुढे लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली होती. त्यांतली एक बाई पापडांची टोपली घेऊन आमच्या चाळीत यायची. एका मार्गशीर्षातल्या दुपारी काकू चाळीच्या अंगणात वाकळ पसरून टाके घालत होती. बाईनं टोपली खाली ठेवली, उकिडवी बसली, आणि वाकळीचा कोपरा उचलून उलटा करून पाहिला.

काकूचा हात थांबला. कारण काकूही कुठलीही गोधडी आधी उलटीच बघायची. वरून सगळ्याच छान दिसतात, गाठी खाली असतात.

"तुमको येता है?" काकूनं विचारलं. काकूचं हिंदी म्हणजे आनंदच होता.

बाई हसली. तिनं सुई मागून घेतली आणि कडेला एक ओळ घातली. सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धावदोऱ्याचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे. आमच्याकडे कडेनं सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्यावर यायचं. तिच्याकडे सरळ ओळी. त्याला ती रल्ली म्हणत होती. काकूनं त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ बये, याला म्हणतात हात."

मग बाईची फेरी झाली की टोपली आमच्या दारात थांबायला लागली. मी तिला मावशी म्हणायला लागले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला ती बोलली. फाल्गुनात तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्याकडे मुलगी जन्मली की आई रल्ल्या शिवायला घेते, त्या लग्नात मुलीबरोबर जातात. तिनं सात शिवल्या होत्या. सातही तिकडे ट्रंकेत राहिल्या. आता निदान एक तरी द्यायची होती, आपल्या हातची. छावणीत कोरा मांजरपाट मिळायचा, पण अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या बायका, त्यांच्याकडे विरलेलं, मऊ झालेलं कापड कुठलं असणार?

"नया तो कोई भी दे देता है, बहन," ती म्हणाली. "पुराना कहाँ से लाऊँ?"

त्या संध्याकाळी काकू नीट जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बोचकं काढून बसली. दोन इरकली, एक पिवळं लुगडं, काकांचं धोतर. सगळं रिठ्यात धुतलं, उन्हात वाळवलं, घड्या घातल्या. शेवटी तळाशी हात घातला आणि चंद्रकळा काढली. मी बघत होते. "तिच्या रल्लीत काळा लागतोच गं," काकू माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुला दुसरं काहीतरी बघू."

दुसरं काहीतरी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या फेरीला मावशी आली, तेव्हा काकू देवळात गेली होती. जाताना मला बजावून गेली होती, की ती आली तर गाठोडं दे आणि सांग, रल्लीसाठी काकूनं मुद्दाम काढून ठेवलंय. मी गाठोडं दिलं. आणि स्वच्छ हिंदीत म्हटलं, "पुराने कपडे हैं. घर में नहीं चाहिए. बोहारीण को देनेवाले थे, आप ले जाओ."

मावशीनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं, टोपलीतून पापडांची चवड काढून त्यावर ठेवली, आणि गेली. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

काकूला मी सांगितलं, "ती नको म्हणाली." काकूचा चेहरा पडला. ती रागावली नाही, हेच वाईट. गाठोडं सोडून एकेक लुगडं उजेडात धरून बघायला लागली. "कुठे डाग राहिला का गं? हे इरकल जरा जाड आहे, म्हणून का?" गालाला लावून बघत होती. कापडात काय खोट राहिली म्हणून! अख्ख्या कल्याणात जिच्या कापडाला कुणी नाव ठेवलं नव्हतं ती माझी काकू. माझ्याच्यानं बघवेना. मी भोकाड पसरलं आणि सगळं ओकून टाकलं.

मला वाटलं, आता पाठीत धपाटा. काकूनं चंद्रकळा उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. तुला हवी होती ना? घे."

त्या लुगड्याला हात लावायची मला हिंमत झाली नाही. दोन दिवस ते तसंच कोपऱ्यात पडून होतं. काकू माझ्याशी बोलत होती, वेणी घालत होती, पण कापडाचं दुसरं टोक धरायला मला बोलावलं नाही. आईला बोलावलं.

तिसऱ्या दिवशी काकूनं चप्पल घातली आणि म्हणाली, "चल." आम्ही शहाडपर्यंत चालत गेलो, पुढे बराकींपर्यंत. एकेका बराकीत चादरी टांगून घरं केलेली. मावशी पीठ मळत होती, मुलगी पापड वाळत घालत होती. मावशीनं आम्हाला बसायला खाट दिली, पाणी दिलं. काकूनं माझ्या पाठीला बोट लावलं. "बोल."

"वो मैंने अपने मन से बोला था," मी म्हटलं. "काकू ने वैसा नहीं बोला."

"क्यों?" मावशीनं विचारलं.

"वो काला वाला मेरा था."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग काकूनं आपलं हिंदी काढलं. "संक्रांत को आनेका. हळदीकुंकू है. सुवासिनीनं नाही बोलनेका नहीं. और हमारे में वाण वापस नहीं करते, पहलेच सांगती हूँ."

आता संक्रांतीचं वाण म्हणजे नवी वस्तू. फणी, आरसा, करंडा, वाटी. काकूनं त्या वर्षी काय लुटलं? जुनेर! चाळीतली जी बाई आली तिच्या हातावर तिळगूळ, कपाळाला हळदकुंकू आणि पदरात जुन्या लुगड्याचा धुतलेला, घडी घातलेला तुकडा. सगळ्यांना सारखंच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "अगं बाई, जुनेर कधी कुणी लुटतं का? काय हा अवलक्षणीपणा!" असं कोपऱ्यातून ऐकूही आलं. काकू ढिम्म. "माझं वाण आहे. माझ्या घरात मी काय लुटायचं ते मी ठरवीन."

मावशी दाराशी उभी होती. तिच्या पदरात काकूनं चंद्रकळा घातली. मावशीनं इतर बायकांच्या हातांतले तुकडे पाहिले, मग आपल्या पदरात पाहिलं, आणि पदर मिटून घेतला. मी श्वास सोडला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली बाई पुढे झाली. भारी तोंडाळ बाई. "मला मेलीला कुठे सुई धरता येते! घे गं बाई तूच," म्हणत तिनं आपला तुकडा मावशीच्या पदरात टाकला. मग दुसरीनं टाकला. मग सगळ्यांनीच. एकजण तर धावत घरी जाऊन आपलं एक अख्खं जुनं पातळ घेऊन आली. काकू स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. मी आत डोकावले, तर डोळ्यांना पदर लावून उभी.

फाल्गुनात आम्ही लग्नाला गेलो. खाटेवर रल्ली पसरली होती. देवा, काय काम होतं ते! पिवळ्यावर लाल, लालवर पांढरा, कात्रीनं कातरून बसवलेली फुलं, आणि सगळीकडून त्या तांदळाएवढ्या टाक्यांच्या सरळ ओळी. शेजारणीचं पातळ कुठलं आणि काकूचं इरकल कुठलं, ओळखायचं झालं तरी ओळखता येईना. काकूनं रीतसर कोपरा उलटा करून पाहिला आणि मान डोलावली. मी मात्र काळा शोधत होते. होता, पण मोजकाच, कडेला लहान लहान चौकोन. एवढी मोठी चंद्रकळा, बाकीची गेली कुठे? विचारायची सोयच नव्हती. मी तोंडात मूग धरून जिलबी खाल्ली.

नऊ वर्षांनी माझं लग्न झालं. ठाण्याच्या खोपट भागातल्या एका घरी मला दिलं. काकूची नजर तोवर अधू झाली होती. तिनं माझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली होती, पण अर्ध्यावरच थांबली होती. त्याबद्दल ती बोलत नसे, आणि मीही विचारत नसे.

लग्नाच्या दिवशी मावशी आली. तिच्या नवऱ्याचं आता कापडाचं दुकान होतं, अंगावर रेशमी साडी होती, आणि मराठी अशी बोलायची की आमच्या चाळीतल्या बायकांनी शिकावं. तिनं माझ्यापुढे एक घडी ठेवली. मी उलगडली.

गोधडी होती. रल्ली नव्हे, आमची गोधडी. कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्यावर आलेली. आणि बरोब्बर मधोमध, लाल काठासकट, चांदण्यांसकट, चंद्रकळेचा अख्खा पदर.

"वाण परत करत नाहीत, मला माहीत आहे," मावशी म्हणाली. "हे वाण नाही. तुझं होतं, तू सांगितलं होतंस. मी नुसतं सांभाळलं."

काकूला मी हाताला धरून जवळ आणलं. तिनं सवयीनं कोपरा उलटा केला. दिसत तर नव्हतंच, बोटांनी चाचपत राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, गाठ शोधत. एकही सापडली नाही. मग तिनं चंद्रकळेला गाल लावला, आणि जे तिनं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं ते मावशीला म्हणाली, "माझ्यापेक्षा बारीक टाका आहे गं तुझा."

मी हमसून हमसून रडायला लागले. मांडवातल्या बायका मला जवळ घेऊन समजूत घालत होत्या, की ठाणं काय लांब आहे का, हवं तेव्हा माहेरी येता येईल.