नाव घेताना

डिसेंबरच्या अखेरीस नाशिकला शरणपूरच्या आमच्या ख्रिस्ती देवळात पाऊल टाकलं की आधी अंगाला भिडे तो दगडी भिंतींत रात्रभर मुरलेला गारठा, आणि त्याच्या पाठोपाठ येई शेवंतीचा किंचित कडवट, ओलसर वास. मखमलाबादकडच्या मळ्यांतून पहाटे खुडून आणलेली ती फुलं वेदीजवळच्या पितळी फुलदाण्यांत दाटीनं उभी असत, रंगीत काचांतून उतरलेलं कोवळं ऊन त्यांच्यावर येऊन थबके, आणि मंडळी गीतासाठी उभी राहिली की त्या घनगंभीर स्वरात माझाही स्वर निर्वेध मिसळून जाई. गाताना मी कधीच अडखळलो नाही. ज्यांनी मला फक्त गाताना ऐकलं होतं, त्यांना हा माणूस बोलताना तोतरा आहे हे सांगूनही खरं वाटत नसे.

पण गीत संपे, सगळे बाकांवर बसत, आणि मग उरे तो ज्याचा त्याचा एकट्याचा आवाज. माझा तो आवाज ओठांशी येऊन अडे. प, ब, म ही ओठ मिटायला लावणारी अक्षरं. एकदा मिटलेले ओठ उघडायचेच विसरत. लहानपणापासून मी या अक्षरांना वळसा घालून बोलायला शिकलो होतो. पाणी हवं असलं की म्हणायचो, ‘तहान लागलीय.’ बस चुकली असली तर म्हणायचो, ‘गाडी गेली.’ लोकांना वाटे, मुलगा मोजकं आणि विचारपूर्वक बोलतो. मी विचार करत होतो हे खरंच, पण तो पुढच्या वळशाचा. आईवडिलांनी माझं नाव आनंद ठेवलं, त्यात ओठ कुठेच मिटत नाहीत, या योगायोगाबद्दल मी मनोमन त्यांचे उपकार मानत आलो.

वळसा घालता येत नसे तो श्रद्धेच्या शब्दांना. प्रभू, पिता, प्रार्थना, पवित्र, प्रीती, अगदी पापसुद्धा. जणू माझी सारी श्रद्धा त्या एका अक्षराच्या दाराआड राहत होती. घरी तिन्हीसांजेला प्रार्थना होई. वडील गेल्यावर आईनं तो नेम अधिकच निष्ठेनं सांभाळला होता. ती आधी प्रार्थना करी, मग माझी पाळी. मी ‘देवा’ म्हणून सुरुवात करी, सोप्या शब्दांवरून दगडादगडांनी ओढा ओलांडावा तसा पलीकडे जाई आणि आईच्या सुरात सूर मिसळून घाईघाईनं ‘आमेन’ म्हणून मोकळा होई. मनातली प्रार्थना मात्र कैक वर्षं एकच होती: देवा, ही अडखळ काढून घे. ती निघाली की मग मी जगायला लागेन, अशी काहीशी माझी समजूत होती. जगणं मी त्या दिवसापर्यंत पुढे ढकललं होतं.

अंबडच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. नव्वदच्या दशकाचा मध्य होता, ड्रॉइंग बोर्ड अजून गेले नव्हते, आणि ट्रेसिंग पेपरवर शाईच्या रेघा ओढणारा माणूस दिवसभर बोलला नाही तरी कुणाला खटकत नसे. मी ती नोकरी पत्करली त्याचं एक कारण, माझ्या टेबलावर टेलिफोन नव्हता.

लग्नाचा विषय निघाला की मी नाही म्हणत असे. आईला वाटे, मला तिची काळजी आहे. नातेवाइकांना वाटे, माझ्या अपेक्षा फार मोठ्या आहेत. खरं कारण इतकं क्षुल्लक होतं की ते उच्चारण्याची मला लाज वाटे. आमच्यात लग्न लागतं ते वचनांनी. वेदीसमोर, सगळ्या मंडळीसमक्ष, वरानं एकट्यानं, मोठ्यानं, आपलं आणि वधूचं नाव घेऊन वचन द्यायचं असतं. कारखान्यातल्या सोबत्यांच्या लग्नांना मी जाई, आणि मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाआड निमूट उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाचा मला विलक्षण हेवा वाटे.

प्रमिलाचं स्थळ आईच्या एका मैत्रिणीनं सुचवलं. ती मूळची नामपूरची, शाळामास्तरांची मुलगी. नाशकात एका दवाखान्यात परिचारिका होती. उपासनेला ती आमच्याच देवळात येई आणि मी तिला पाहिलं होतं. आवडली होती, हे कबूल करण्याआधीच तिचं नाव माझ्या कानावर पडलं आणि माझे ओठ आपोआप मिटले. त्या नावात प होता आणि म सुद्धा. मी आईकरवी नकार कळवला.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ती एकटीच आमच्या घरी आली. आई आत चहा ठेवायला गेली, आणि ती पडवीतल्या खुर्चीत ताठ बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझ्यात काही खोट दिसली का, एवढंच विचारायला आले. तसं असेल तर सांगा. मला वाईट वाटणार नाही.”

तिला वाईट वाटलं होतं, हे तिच्या पदर चिमटीत धरलेल्या बोटांवरून स्पष्ट दिसत होतं. माझ्या भित्रेपणाची झळ दुसऱ्या कुणाला लागत असेल, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मी बोलायला सुरुवात केली आणि त्या दिवशी वळसे घेतले नाहीत. वचनाबद्दल सांगितलं, ओठांबद्दल सांगितलं. एकेका शब्दाशी मान आखडत होती, डोळे गच्च मिटत होते, कानशिलं तापत होती. माझं वाक्य अडलं की समोरचा माणूस ते पुरं करून टाकतो, अशी मला जन्माची सवय. तिनं एकही शब्द पुरवला नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “मग माझ्यात खोट नाही.” आणि आईनं आणलेला चहा तिनं शांतपणे प्यायला. महिन्याभरात लग्न ठरलं.

मी आमच्या देवळातल्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे, जाऊन माझी अडचण सांगितली. ते वृद्ध, दयाळू गृहस्थ होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, वचन ते स्वतः वाचतील, मी शेवटी फक्त ‘होय’ म्हणावं, देवाला तेवढं पुरतं. मला इतकं हलकं वाटलं की स्कूटर वळवून मी तसाच प्रमिलाच्या दवाखान्याच्या फाटकाशी गेलो. ड्युटी संपवून ती बाहेर येत होती. तिनं ऐकून घेतलं, काही पावलं ती चालली, आणि मग थांबून म्हणाली, “होय म्हणालात तरी लग्न लागेल. पण तुम्ही अजून एकदाही माझं नाव घेतलेलं नाही.”

खरं होतं ते. मी तिला ‘अहो’ म्हणत आलो होतो. नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्यात, या आपल्याकडच्या रीतीच्या पडद्याआड माझा भित्रेपणा किती सुखानं बसला होता! तिनं तो पडदा ओढला नाही, केवळ त्याच्याकडे बोट दाखवलं. मी दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना सांगितलं, वचन मीच म्हणेन.

मग अंबडच्या रस्त्यावर, स्कूटरवरून, थंडीनं डोळ्यांत पाणी येत असताना मी वाऱ्याला तिचं नाव सांगू लागलो. एकटा असताना मी अडखळत नसे. किती सहज येत होतं ते नाव, किती सुंदर होतं! आणि मला ठाऊक होतं की या सहजतेचा ऐकणाऱ्या माणसांसमोर काडीइतका उपयोग नाही.

लग्न जानेवारीत झालं. देऊळ भरलं होतं, पुन्हा शेवंती होती, पुन्हा ते काचांतलं ऊन. ‘मी’वर ओठ क्षणभर चिकटले, पण सुटले; ‘आनंद’ सुरळीत आलं. मग ‘तुला’. आणि मग ओठ मिटले. मान खाली ओढली गेली, डोळे अर्धे मिटले, छातीत श्वास कोंडला, आणि देवळात शांतता पसरत गेली. बाकांची करकर ऐकू आली, कुणाचं तरी दबलेलं हसू ऐकू आलं. पाळकसाहेब मदतीसाठी पुढे झुकले तेव्हा प्रमिलानं मान अगदी किंचित हलवून त्यांना थांबवलं. पहिल्या बाकावर आई डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात शेजारच्या बाकावरून प्रमिलाचे वडील, कुणाच्या शेतावर गप्पा मारत बसावं तितक्या निवांतपणे म्हणाले, “होऊ द्या, काय घाई शे?”

नामपूरकडची ती बोली त्या भव्य शांततेत इतकी घरगुती वाटली की माझा श्वास सुटला. नाव आलं, पण अखंड नाही आलं; तुकड्यातुकड्यांनी, फुटलेलं, ओलं असं आलं. प्रमिलानं ते तसंच घेतलं आणि आपलं वचन स्वच्छ आवाजात म्हटलं.

मी विजयी वगैरे झालो नव्हतो. जेवणाच्या पंगतीत दोन तरुण नातेवाईक माझी नक्कल करत होते, ती मी पाहिली. रात्री आईला म्हणालो, “तुला शरमेनं डोळे मिटावे लागले.” ती दचकलीच. म्हणाली, “अरे, देवळात इतकी शांतता झाली, मला वाटलं प्रार्थना चाललीय. मीही केली.”

तिच्या या उत्तरातली सरलता मला त्या दिवशी झेपली नाही. ती उमगायला पुढची काही वर्षं गेली. पाळकसाहेबांनी एकदा उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचशील का म्हणून विचारलं, मी हो म्हणालो, अडखळत वाचला, लाजेनं आडवाटेनं घरी आलो. पुढे पुन्हा वाचला. नवं शतक उजाडलं, टेबलावर संगणक आला, टेलिफोनही आला. अडखळ गेली नाही. मी मात्र तिच्या जाण्याची वाट बघायचं कधी थांबवलं, ते माझं मलाच कळलं नाही.

एका रविवारी पाठ वाचताना असाच मध्ये थांबलो असता एकाएकी जाणवलं, की पीसीओच्या काचेबाहेर तिष्ठणाऱ्या, घड्याळाकडे बघणाऱ्या माणसासमोर बोलावं, तसा मी आयुष्यभर देवासमोर बोलत आलो. त्याला ताटकळत ठेवू नये म्हणून शब्द बदलले, वाक्यं छाटली, आमेन गाठलं. ज्याला सर्वांहून सहनशील म्हणून मी गीतांतून आळवलं, त्याला मनातून मी लोकांइतकाच उतावीळ समजत होतो.

अडखळण्याची लाज अजूनही कधीमधी वाटते, विशेषतः अनोळखी माणसांत. पण देवाला उतावीळ समजल्याची ही दुसरी लाज तिच्याहून खोल आहे आणि सौम्यही; ती वाटली की मी काही क्षण अधिक शांत बसतो. पहिली लाज जावी म्हणून मी अर्धं आयुष्य प्रार्थना केली. ही जावी अशी प्रार्थना मी अजून केलेली नाही.