आदल्या दिवशीचं स्वागत

मुकादमानं ट्रक शुक्रवारी येणार म्हटलं की आमच्याकडची माणसं गुरुवारीच बोजा बांधून चौकात येऊन बसतात. ट्रक कधीही येतो आणि कुणासाठी थांबत नाही. माझे आईवडील लग्न झाल्यापासून दरवर्षी असेच ऊस तोडायला जात आलेत. त्यामुळे कुठंही जायचं म्हणजे आदल्या दिवशी जाऊन बसायचं, हा आमच्या घरचा कायदा. यंदा प्रवेश लांबले, दसरा उलटून गेला आणि मग विद्यापीठाचा निरोप आला: नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत उद्या सकाळी, पालकांनाही सोबत आणा. वडील म्हणाले, "मंग आजच निघा."

मी पुष्कळ डोकं आपटलं. "आबा, तिथं ट्रक न्हाई येनार. हॉल हाय तिथं."

"आसू दे. जागा धरून बसलेलं बरं."

ते स्वतः घरीच थांबले, कारण कारखान्याकडे जाणारा ट्रकही आज-उद्या येणार होता. पोरगी नव्या पोरांत बसलेली एकदा डोळ्यांनी बघायची आणि मग खुशाल ट्रकमध्ये चढायचं, एवढंच आईचं म्हणणं होतं. त्यासाठी तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं.

शिरूर कासारहून बीडची एसटी धरली. सोबत वळकटी, बाजरीच्या पिठाची पिशवी, भाकरीचं गाठोडं आणि ताडपत्रीचा एक तुकडा. वसतिगृहाला छत असतं, असं मी सांगितलं तर आई म्हणाली, "गळत आसलं तर?" सगळी एसटी आमच्या सामानाकडे बघत होती आणि मी खिडकीबाहेर.

बीडबाहेरच्या विद्यापीठाच्या संकुलात पोचलो तेव्हा उद्याची तयारी चालली होती. कुणी कमानीवर फलक बांधत होतं, कुणी रांगोळीसाठी जमीन धूत होतं. दारावरचा माणूस म्हणाला, "मावशी, कार्यक्रम उद्या हाय."

"म्हाईत हाय की," आई म्हणाली. "आमी आज आलोत."

हॉलच्या दाराशी तिनं चपला काढल्या. मी दटावलं, तरी काढल्याच. आत पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. खुर्च्यांच्या रांगा पार व्यासपीठापर्यंत गेलेल्या. पण ती खुर्च्यांकडे बघतच नव्हती, मान वर करून छताकडे बघत होती. दर हंगामात आमची राहायची उसाच्या पाचटाची कोपी तिच्याच हातानं उभी राहते, आणि कोपी तोलायला मधे एक मेढ रोवावीच लागते.

"मधी मेढ न्हाई गं," ती हळूच म्हणाली. "कशावर उभं हाय हे येवढं?"

वाटभर तिच्यावर चिडलेली मी, तिच्या शेजारी तशीच मान वर करून उभी राहिले. इथं आपण बसणार, हे मला तोवर पटलंच नव्हतं.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. ट्रक येऊन उभा होता, सगळ्यांचे बोजे चढत होते, रात्रीच निघायचं होतं, आईनं मिळेल त्या गाडीनं परत यायचं होतं. आईचं तोंड एवढंसं झालं. मला मुकादमाचा, ट्रकचा, त्या गोड उसाचासुद्धा असा राग आला की रडूच फुटलं.

व्यासपीठावर एक सर माईक तपासत होते. हॅलो, हॅलो, आवाज येतोय का? आई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सायेब, उद्या जे बोलनार ते आजच बोला की जरा. मला उद्या जमायचं न्हाई. ही माझी लेक."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सरांनी आमच्याकडे पाहिलं, वळकटीकडे पाहिलं. मग त्यांनी शर्टाची बटणं नीट लावली आणि म्हणाले, "बसा."

आई पहिल्याच रांगेत बसली, डोक्यावर पदर घेऊन, ताठ. मी शेजारी. रिकाम्या हॉलमध्ये सरांचा आवाज घुमला, "नव्या विद्यार्थ्यांनो आणि पालकहो, आपलं मनापासून स्वागत."

"व्हय," आई म्हणाली. गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणारा थांबतो, हे तिला ठाऊक. मग ती प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत गेली आणि सर रंगत गेले. ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे. व्हय. अडचण असेल तर आमच्याकडे या. व्हय. हजेरी महत्त्वाची आहे, हे आल्यावर तिनं मला कोपर मारलं, "ऐकलंस का? खाडा करायचा न्हाई."

संपल्यावर तिनं एकटीनं टाळ्या वाजवल्या. उठताना कनवटीची डबी काढली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला हळदीकुंकू लावलं, दसऱ्याला कोयत्याला लावते तसंच. सर बघत होते. कुणीच हसलं नाही. फाटकापाशी तिनं ताडपत्री माझ्या हातात कोंबली आणि मागं न बघता रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. पोरापोरींचे आईवडील, अत्तराचे वास, मोबाईलवर फोटो. पहिल्या रांगेतली ती खुर्ची मी कुंकवावरून ओळखली आणि धरली. तेच सर उभे राहिले. "नव्या विद्यार्थ्यांनो आणि पालकहो, आपलं मनापासून स्वागत," म्हणाले आणि क्षणभर थांबले. हॉल चिडीचूप होता.

"व्हय," मी मोठ्यानं म्हणाले.