वज्रबाहू नदीत पडला

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडणाऱ्या गिरिधरने कादंबरी लिहायला घेतली, ही मराठी साहित्यावर कोसळलेली आपत्तीच होती. साहित्याला अजून पत्ता नव्हता, एवढंच. झळ बसत होती ती त्याच्या बायकोला, जयाला. प्रत्येक प्रकरण तिला ऐकावं लागे आणि दुसऱ्या पानावर तिचा डोळा लागे. एकदा तरी तिने "मंग?" म्हणून विचारावं, यासाठी बिचाऱ्याचा जीव तडफडत होता.

कथानक आयतं होतं. दर रविवारी मनीषनगरात गौरांगच्या घरी मंडळी खेळायला जमत. गौरांग गोष्ट सांगे, बाकीचे तिच्यातली पात्रं होत, आणि कुणाचा पराक्रम साधला, कुणाचा फसला, ते वीस बाजूंचा फासा ठरवी. फासा सर्वांसमोर टाकायचा आणि पडेल ते निमूट सोसायचं, हा नियम. गिरिधर झाला होता वज्रबाहू. घरात पाल दिसली की पलंगावर चढणाऱ्याने दुसरं कोणतं नाव घ्यावं? फासा मात्र त्याला ओळखून होता. मगरीशी लढताना वज्रबाहू घसरून नदीत पडला आणि मगर मारली ती मंडळींतल्या दीप्तीच्या धनुर्धारिणीने.

कादंबरीत अर्थातच वज्रबाहूने एका हाताने मगर फाडली, दुसऱ्याने मिशी पिळली, आणि धनुर्धारिणी काठावर उभी राहून लाजली. हे प्रकरण त्याने मोठ्या हौसेने मंडळींना वाचून दाखवलं.

दीप्तीने तर्री-पोह्याची प्लेट खाली ठेवली. "मगर मी मारली होती गा. तू तं पाण्यात होता."

गिरिधरने लेखकाचं स्वातंत्र्य वगैरे जड शब्द काढले. वज्रबाहू नदीतून निघतो का ते ठरवायला गौरांगने फासा पुढे सरकवला. गिरिधरने देवाचं नाव घेऊन टाकला, आणि नेमका एक पडला, सगळ्यांत वाईट आकडा. वज्रबाहू वाहून गेला, जगतो की मरतो ते पुढच्या रविवारी बघू, असं गौरांगने जाहीर केलं. गिरिधरचे कान लाजेने तापले.

घरी येऊन त्याने रडतखडत प्रकरण नव्याने लिहिलं. वज्रबाहूच्या नाकातोंडात पाणी गेलं, त्याला पोहता येत नाही हेही उघडकीला आलं, आणि तो आईच्या नावाने ओरडला. एवढी फजिती त्याने जयाला पडेल आवाजात वाचून दाखवली.

मेथी निवडणारे तिचे हात थांबले होते. "मंग? निघाला का तो बाहेर?"

गिरिधरला इतका आनंद झाला की थाप मारायचंही सुचेना. "मले काय मालूम वं. रविवारी फासा पडन तवा समजन."

जयाने मेथी बाजूला सारली.

"फासा मी टाकन," ती म्हणाली. "तुमच्या हाताचा भरवसा नाही."